पाटीलबावा महादजी शिंदे

स्वारगेटाच्या चौकांतून पूर्वेकडे वळून सुमारें दीड कोस चालत गेलें म्हणजे वानवडी लागते. तेथें शिंद्यांची छत्री आहे. आपल्या शाळेंतील पुष्कळ विद्यार्थी सुटीच्या दिवशीं तेथें जातात, शंकराचें देऊळ पाहतात, दगडी कोरीव कामाची वाखाणणी करतात आणि परत येतात. परंतु ज्या पुरुषाचें तें स्मारक आहे त्याच्या चरित्राचा विचार करणारे थोडे. महादजी शिंदे म्हटला म्हणजे उत्तर हिंदुस्थान जिंकणारा, दिल्लीच्या बादशहास गादीवर बसविणारा शूर सेनापति, एवढेंच आपल्या मनांत येतें. तें खरेंच आहे. पण त्याच्या अंगीं दुसरा एक गुण होता, व तो तरवारीच्या गुणाहून कमी दुर्मिळ नाहीं. ऐन लढाईंत शत्रूकडून निरोप आला असतां तो कसा ऐकावा, त्याचें उत्तर कसें द्यावें, व दिलेला शब्द कोठवर विश्वासार्ह आहे हें कसें ओळखावें, ही विद्या त्याला साधली होती. प्रस्तुत लेखांत त्याच्या चरित्राची ही बाजू विशेषेंकरून सांगावयाची आहे.

महादजीचा जन्म इ. स. १७३० च्या सुमारास झाला. सातारा प्रांतांतील कण्हेरखेडचे पाटील राणोजी शिंदे यांचा हा धाकटा मुलगा. राणोजी पहिल्या बाजीरावाच्या पदरीं सामान्य नोकरींतून चढत जाऊन माळव्याचे मोठे सरदार झाले. महादजीची आई राणोजीची लग्नाची बायको नव्हती. त्यामुळें वडिलांच्या दौलतीवर त्याचा हक्क सहजासहजीं चालण्याजोगा नव्हता. शिवाय त्याच्या पुढें वडील भाऊ होते. पण त्या काळीं शिंद्यांच्या घराण्यानें स्वराज्याच्या कामीं जेवढें रक्त सांडलें तेवढें क्वचितच दुसऱ्या घराण्यानें सांडलें असेल. जयाप्पा इ. स. १७५५ मध्यें नागोरास दग्यानें मारला गेला. दत्ताजी १० जानेवारी १७६० रोजीं यमुनेच्या कांठीं बुराडी घाटावर पडला. जयाप्पाचा मुलगा जनकोजी व भाऊ तुकोजी हे पानिपतच्या संहारांत नाहींसे झाले.

१४ जानेवारी १७६१ च्या त्या दिवशीं महादजीहि पानिपतच्या रणांत होता. पळापळींत एका अफगाण स्वारानें त्याचा पाठलाग करून त्याच्या पायास जबर जखम केली व त्याला मेलेला समजून तेथेंच टाकिलें. राणेखान नांवाच्या एका मुसलमान भिस्त्यानें त्यास उचलून आपल्या बैलावर घातलें आणि दक्षिणेकडे सुखरूप आणिलें. महादजी जन्मभर लंगडत चालला. मात्र त्या भिस्त्याचे उपकार तो कधींहि विसरला नाहीं. राणेखानास त्यानें भाऊ मानिलें व पुढें त्याला मोठ्या फौजेचा सरदार केलें. ज्याला आपण अगदीं हीन स्थितींत, मरणाच्या दारीं पडलों होतों ह्याची आठवण राहते, तो दुसऱ्याच्या पडत्या काळीं विवेकानें वागण्याचा संभव अधिक असतो. महादजीच्या पुढील वर्तनाकडे पाहतां ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

इ. स. १७६८ मध्यें थोरल्या माधवराव पेशव्यांनीं शिंद्यांची सरदारी महादजीस दिली. तेथून त्याच्या भाग्योदयास आरंभ झाला. पानिपतानंतर अवघ्या अकरा वर्षांनीं, जानेवारी १७७२ मध्यें, मराठ्यांच्या फौजेच्या आधारानें बादशहा शहाआलम दिल्लींत शिरला. परंतु त्याच वर्षीं माधवराव वारले, व ३० ऑगस्ट १७७३ रोजीं त्यांचे धाकटे बंधु नारायणराव यांचा शनिवारवाड्यांत खून झाला. त्यांचे चुलते रघुनाथराव पेशवे झाले, पण बारभाईंनीं त्यांना पदावरून दूर केलें. तेव्हां रघुनाथरावानें मुंबईकर इंग्रजांचा आश्रय धरिला आणि मार्च १७७५ मध्यें सुरतेस त्यांच्याशीं तह केला. कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारास हा तह मान्य झाला नाहीं. त्यांनीं कर्नल अप्टन यास पाठवून १ मार्च १७७६ रोजीं पुरंदर येथें पेशव्यांच्या कारभाऱ्यांशीं निराळा तह केला. मुंबईकरांना हा दुसरा तह मनापासून रुचला नाहीं. मराठ्यांशीं इंग्रजांचें पहिलें युद्ध लांबत गेलें त्याचें एक मोठें कारण असें कीं, एका कंपनीच्या दोन सरकारांचीं तोंडें दोन दिशांना होतीं.

नोव्हेंबर १७७८ मध्यें मुंबईकरांनीं रघुनाथरावास पुण्याच्या गादीवर बसविण्यासाठीं सुमारें ३,९०० लोकांची फौज रवाना केली. सेनापति कर्नल एगर्टन हा प्रकृतीनें क्षीण होता. त्याच्या मागून कर्नल कॉकबर्न याजकडे काम आलें. त्यांच्यावर देखरेखीस एक कमिटी होती, व तिचा मुख्य जॉन कारनॅक होता. एवढी फौज बोरघाट चढून अगदीं गोगलगायीच्या गतीनें पुढें सरकूं लागली. महादजी, तुकोजी होळकर व हरिपंत फडके यांनीं समोरासमोर मोठी लढाई न देतां चहूंकडून तिला वेढीत आणिलें. ४ जानेवारी १७७९ रोजीं कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट तोफेच्या गोळ्यानें पडला. त्याच्या शौर्यामुळें मराठ्यांनीं त्याचें नांव इष्टूर फांकडा असें ठेविलें होतें. शत्रूच्या शूर माणसाला असें कौतुकाचें नांव देणारें सैन्य केवळ द्वेषानें लढत नव्हतें, हें येथें लक्षांत घ्यावें.

९ जानेवारीस इंग्रज तळेगांवास पोहोंचले, तों गांव जाळून ओस केलेलें. दाणागोटा कांहीं मिळेना. वेळ पडल्यास चिंचवड व पुणेंहि जाळण्याची मराठ्यांची तयारी आहे, अशी बातमी छावणींत आली. पुणें अवघें नऊदहा कोस राहिलें असतां कमिटीनें परत फिरण्याचें ठरविलें. ११ जानेवारीच्या रात्रीं जड तोफा तळेगांवच्या तळ्यांत टाकून, सामान जाळून फौज मागें निघाली. पण मराठ्यांना चाहूल लागलीच. पहांटेपासून हल्ले सुरू झाले. पिछाडी सांभाळणाऱ्या कॅप्टन हार्टलेनें व त्याच्या हिंदी शिपायांनीं मोठ्या धैर्यानें टक्कर दिली, म्हणूनच ती फौज कशीबशी वडगांवापर्यंत पोहोंचली. तेथें ती पुरती कोंडली गेली. पुढें वाट नाहीं, मागें वाट नाहीं, शेंकडों माणसें पडलेलीं, अन्न नाहीं. अशी स्थिति झाली. अखेर कमिटीनें आपला सेक्रेटरी फार्मर यास बोलणें लावण्यासाठीं मराठ्यांच्या गोटांत पाठविलें.

विद्यार्थिमित्रहो, आपण येथें क्षणभर थांबूं. दोन सैन्यें समोरासमोर उभीं असतां एकाकडून दुसऱ्याकडे माणूस जातो, ही गोष्ट दिसते तितकी सोपी नाहीं. तिला तीन गोष्टींचा आधार लागतो. पहिली, आलेल्या वकिलाच्या जिवास धक्का लागणार नाहीं अशी खात्री. दुसरी, जो बोलणें करितो त्याला शब्द देण्याचा अधिकार आहे, व त्याचा शब्द त्याचे धनी पाळतील असा भरंवसा. तिसरी, शब्द पुरा होईपर्यंत हातीं कांहीं तारण. ह्या तिहींपैकीं एक जरी ढिली पडली तरी लढाई तहकूब होऊनहि तह टिकत नाहीं. वडगांवास नेमकें काय घडलें हें ह्या कसोटीवर पाहूं.

पहिली गोष्ट निर्वेध पार पडली. फार्मर शत्रूच्या गोटांत गेला व त्यास योग्य रीतीनें वागविण्यांत आलें. मराठ्यांची पहिली मागणी रघुनाथरावाची होती. कमिटी तीहि मान्य करण्याच्या बेतांत होती, पण रघुनाथरावानें इंग्रजांच्या संमतीची वाट न पाहतां स्वतःच महादजीच्या स्वाधीन होण्याचें ठरविलें. नंतर पुण्याच्या बाजूनें नवा तह मागण्यांत आला. त्यावर फार्मरकडून असें कळविण्यांत आलें कीं, वरिष्ठ सरकारच्या हुकुमाशिवाय तह करण्याचा कमिटीस अधिकार नाहीं. तेव्हां मराठ्यांकडून उलट विचारणा झाली कीं, कर्नल अप्टननें केलेला तह मोडण्याचा अधिकार तुम्हांस कोठून मिळाला तें आधीं दाखवा. ह्या प्रश्नास उत्तर नव्हतें. शेवटीं कमिटीनें होम्स नांवाच्या गृहस्थास पूर्ण अधिकार आहे असें सांगून थेट महादजीकडे पाठविलें. नाना फडणविसास बाजूस ठेवून महादजीशीं वेगळें बोलावें, म्हणजे थोडें सवलतीनें सुटूं, असा त्यांचा हेतु होता. महादजीला हा मान आवडला, हें उघड आहे.

१६ जानेवारी १७७९ रोजीं वडगांवचा करार झाला. साष्टी वगैरे, इ. स. १७७३ पासून मुंबईकरांनीं घेतलेला मुलूख परत द्यावा, बंगाल्याहून कर्नल गॉडार्डच्या हाताखालीं येत असलेल्या फौजेस परत फिरवावें, असें ठरलें. महादजीस भडोच देण्याचें व त्याच्या माणसांस ४१,००० रुपये बक्षीस देण्याचें निराळें अभिवचन मिळालें. तारण म्हणून फार्मर व लेफ्टनंट चार्ल्स स्टुअर्ट हे ओलीस राहिले. मग मराठ्यांच्या पहाऱ्यांत ती उपाशी, थकलेली फौज घाट उतरून मुंबईस गेली.

त्या वेळीं महादजीनें मनांत आणिलें असतें तर त्या फौजेंतील एकहि माणूस मुंबईस पोहोंचला नसता. तसें करावें असें म्हणणारे लोक त्याच्या गोटांत नसतील असें नाहीं. पानिपतावर ज्याच्या आप्तांना शरण जाण्याचीहि सवड मिळाली नाहीं, त्यानें शरण आलेल्यांना वाट दिली. ह्यांत त्याचा स्वार्थ नव्हता काय? होता, भडोच होतें, रुपये होते, नानाहून आपण मोठे असा मान होता. परंतु मोठ्या माणसांच्या कृत्यांत हेतु नेहमीं मिश्रच असतात. त्यांतून निष्पन्न काय झालें हें पाहिलें पाहिजे.

दुसरी गोष्ट मात्र ढिली निघाली. वडगांवाहून कमिटीनें गॉडार्डला परत फिरण्याबद्दल पत्र लिहिलें, आणि घाट उतरून सुरक्षित होतांच तें पत्र मानूं नये असें दुसरें पत्र लिहिलें. मुंबई सरकारनें व कलकत्ता सरकारनेंहि, कमिटीस अधिकार नव्हता ह्या सबबीवर, करार नाकारिला. विलायतेंतील डायरेक्टरांनीं कारनॅक, एगर्टन व कॉकबर्न यांना नोकरींतून काढिलें. गॉडार्ड न थांबतां फेब्रुवारी १७७९ च्या अखेरीस सुरतेस येऊन पोहोंचला. रघुनाथरावास महादजीनें झांशीकडे रवाना केलें होतें, तो वाटेंत निसटून गॉडार्डच्या आश्रयास गेला. वडगांवास जें मिळविलें असें वाटलें होतें त्यांतलें बहुतेक सर्व सहा महिन्यांत हातचें गेलें.

आतां तिसरी गोष्ट, तारणाची. करार मोडला, ओलीस हातीं होते. त्या काळच्या रीतीप्रमाणें त्यांच्या जिवाची कोणीं हमी घेतली नसती. फार्मर व स्टुअर्ट यांना मुंबईहून आपल्या धन्यांनीं करार नाकारिला ही बातमी कळली असेल तेव्हां त्यांना काय वाटलें असेल ह्याची कल्पना करावी. परंतु महादजीनें त्यांना इजा केली नाहीं. वर्षाहून अधिक काळ त्यांना आपल्या छावणींत ठेवून मार्च १७८० मध्यें त्यानें त्यांना गुजराथेंत गॉडार्डकडे आपण होऊन परत पाठविलें, व त्यांच्या मागोमाग स्वतःचा वकील धाडला. धन्यांच्या अपराधाबद्दल वकिलांना शिक्षा करावयाची नाहीं, हा नियम त्यानें पाळिला. आणि त्याबरोबर बोलण्याचा दरवाजाहि उघडा ठेविला. गॉडार्डला ह्या बोलण्यांत वेळ काढण्याचा डाव दिसला. त्यानें अटी नाकारिल्या आणि पुढच्याच महिन्यांत पहांटे महादजीच्या तळावर छापा घातला. दरवाजा उघडा ठेवणारास असे घाव सोसावे लागतात.

पुढील दीड वर्ष दोन्ही पक्षांना जड गेलें. ऑगस्ट १७८० मध्यें कॅप्टन पॉपहॅमनें रात्रीं शिड्या लावून महादजीचा ग्वाल्हेरचा किल्ला घेतला. त्याच्या मुलुखांत शिरलेल्या कर्नल कॅमॅकला महादजीनें सिरोंजेजवळ कोंडून जेरीस आणिलें, पण मार्च १७८१ मध्यें कॅमॅकनें रात्रींच्या छाप्यांत महादजीचा तळ लुटला. इकडे एप्रिल १७८१ मध्यें गॉडार्डला बोरघाटांतून मोठ्या नुकसानीनें मागें हटावें लागलें. तिकडे कर्नाटकांत हैदरअलीनें सप्टेंबर १७८० मध्यें कर्नल बेलीची फौज बुडविली होती. गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज यास मराठ्यांशीं लढाई आतां परवडत नव्हती, व महादजीलाहि आपला मुलूख उध्वस्त होऊं देणें परवडत नव्हतें.

अशा वेळीं मागें राखलेला विश्वास कामास आला. कॅमॅकच्या जागीं आलेल्या कर्नल म्यूरशीं महादजीचीं बोलणीं सुरू झालीं, आणि १३ ऑक्टोबर १७८१ रोजीं त्या दोघांत करार ठरला. म्यूरनें यमुनेपलीकडे जावें, महादजीनें उज्जनीस परतावें, व त्यानें पेशवे आणि इंग्रज यांच्यामध्यें पडून सर्वसाधारण तह घडवून आणावा. म्हणजे ज्याच्याशीं लढाई चालली होती त्यालाच इंग्रजांनीं मध्यस्थ केलें! नंतर हेस्टिंग्जनें डेव्हिड अँडरसन यास महादजीच्या छावणींत पाठविलें, आणि १७ मे १७८२ रोजीं ग्वाल्हेरच्या दक्षिणेस सालबाई ह्या गांवीं तह झाला. त्याचीं १७ कलमें होतीं. पुरंदरच्या तहानंतर इंग्रजांनीं घेतलेला मुलूख परत मिळाला, साष्टी मात्र त्यांच्याकडे राहिली. रघुनाथरावानें दरमहा २५,००० रुपये घेऊन स्वस्थ बसावें असें ठरलें. वडगांवास दाखविलेल्या सौजन्याबद्दल भडोच महादजीस देण्यांत आलें. करार नाकारणाऱ्यांनाहि त्यांतलें हें एक ऋण फेडावें लागलें.

वडगांव आणि सालबाई ह्यांत फरक कोणता? वडगांवास मराठ्यांची तरवार अधिक जोरांत होती, पण समोर शब्द देणारा बिनअधिकाराचा होता. सालबाईस महादजी तितका बलवान नव्हता. परंतु अँडरसन गव्हर्नर-जनरलच्या अधिकारानें बोलत होता, आणि महादजी पेशव्यांचा मुखत्यार म्हणून. शिवाय दोन्ही पक्षांनीं तह पाळावा ह्याची हमीहि महादजीनेंच घेतली. ह्या वेळीं तारण माणसांचें नव्हतें, महादजीच्या पतीचें होतें. हैदरअलीशीं झालेल्या दोस्तीमुळें नानानें मंजुरी लांबविली. ७ डिसेंबर १७८२ रोजीं हैदर वारल्यानंतर २० डिसेंबरास त्यानें ती दिली, व २४ फेब्रुवारी १७८३ रोजीं तहनाम्यांची अदलाबदल झाली. मराठे आणि इंग्रज यांच्यांत त्यानंतर सुमारें वीस वर्षें लढाई झाली नाहीं.

महादजीवर एक आक्षेप घेण्यांत येतो व तो लपवून ठेवणें बरें नाहीं. त्यानें स्वतंत्र बोलणें करून इंग्रजांना संकटांतून सोडविलें, दोस्त हैदरला एकटें टाकिलें, व स्वतःचा मोठेपणा साधला, असें नानाच्या पक्षाचें म्हणणें होतें. त्यांत तथ्य आहे. एकाच राज्याच्या दोन मुत्सद्यांत मेळ नसला म्हणजे शत्रु त्या फटींत पाय घालतो. होम्सला वडगांवास हीच फट दिसली होती. महादजीनें दरवाजा उघडा ठेविला हा त्याचा गुण. पण त्या दरवाजांतून नानाला बरोबर घेऊन तो गेला नाहीं, हा त्याचा दोष. दोहोंची नोंद चरित्रकारानें सारख्याच प्रामाणिकपणानें केली पाहिजे.

सालबाईनंतर महादजीचें तेज वाढत गेलें. इ. स. १७८४ मध्यें बादशहानें पेशव्यांस वकील-इ-मुतलक हें पद देऊन त्याचा सर्व कारभार महादजीकडे सोंपविला. इ. स. १७८७ मध्यें लालसोटास त्याला माघार घ्यावी लागली. तरी पुढच्याच वर्षीं, गुलाम कादरनें बादशहाचे डोळे काढिल्यावर, महादजीच्या फौजेनें दिल्ली परत घेतली. त्या मोहिमेंत राणेखान पुढें होता, हें वाचून पानिपतचा तो भिस्ती आठवल्यावांचून राहत नाहीं. डी बॉयनच्या कवायती पलटणींच्या बळावर इ. स. १७९० मध्यें पाटण व मेडता येथें त्यानें राजपुतांवर जय मिळविले. एवढा मोठा झाल्यावरहि स्वतःस पाटील म्हणवून घेण्यांत तो भूषण मानी. म्हणून लोक त्यास पाटीलबावा म्हणत.

जून १७९२ मध्यें तो पुण्यास आला व त्यानें बादशाही वस्त्रें सवाई माधवरावांस अर्पण केलीं. नानाशीं असलेली जुनी चुरस मिटविण्यास पुढें पुरता अवकाश मिळाला नाहीं. १२ फेब्रुवारी १७९४ रोजीं तापाच्या आजारानें वानवडीच्या छावणींत त्याचा अंत झाला. त्याच्या मागें दौलतराव गादीवर आला. दहा वर्षें होण्यापूर्वींच, २३ सप्टेंबर १८०३ रोजीं, असईच्या रणांत शिंद्यांची ती मोठी फौज मोडली. फौज दौलतरावास वारशानें मिळाली होती. निरोप ऐकण्याची व शब्द तोलण्याची विद्या वारशानें मिळत नाहीं.

पुढच्या सुटींत वानवडीस जाल तेव्हां एवढें स्मरणांत ठेवा. आणि जमल्यास एकदां जुन्या मुंबई रस्त्यानें बारा कोसांवरील वडगांवासहि जाऊन या. तेथें महादजी जिंकला, आणि जिंकून झाल्यावर त्यानें शत्रूच्या माणसाला आपल्या गोटांत बसवून त्याचें म्हणणें ऐकिलें. आपल्या रोजच्या लहानसहान भांडणांत आपण दुसऱ्याचा निरोप्या दारांतूनच परत लावितों. लढाई कशी करावी हें शिकविणारे पुष्कळ भेटतात. ती कशी थांबवावी हें शिकण्यासाठीं मात्र पाटीलबावांच्या चरित्राकडे पुन्हां पुन्हां वळावें लागेल.